तळ्याला कागद लागतो किती?

शेरडं-करडं बांधून झाली असतील, संध्याकाळच्या चुलीला अजून थोडा अवकाश असेल, तर घटकाभर बसा. आज बोलायचं आहे शेततळ्याच्या कागदाबद्दल. सरकारी कागदपत्रांत त्याला अस्तरीकरण म्हणतात. आपण म्हणतो, तळ्यात कागद टाकला. तो काळा प्लास्टिकचा कागद. तळं खोदायला जेवढा खर्च येतो, त्याच्या तोडीचा किंवा त्याहून जास्त खर्च या कागदाला येतो. आणि बहुतेक वेळा तो किती लागेल हे आपण मोजत नाही. दुकानदार सांगेल तेवढा घेतो, नाहीतर तोंडाच्या मापाने अंदाज बांधतो.

आम्हीही तेच केलं होतं. आमच्या गटाने दोन एकर रान कसायला घेतलं होतं. त्यात तळं खोदलं. तोंडाला 20 मीटर लांब, 15 मीटर रुंद, 3 मीटर खोल. कागदासाठी गटाच्या कर्जातले पैसे बाजूला काढले. वीस गुणिले पंधरा, तीनशे, असा तोंडी हिशोब केला आणि 300 चौरस मीटर कागद मागवला. दुकानदाराने विचारलं, "माप बरोबर आहे ना?" आम्ही ठासून सांगितलं, "बरोबर आहे." गाडी आली, कागद खड्ड्यात उलगडला, तेव्हा तो तळ झाकून चारी बाजूंनी उतारावर थोडा वर चढला आणि काठ यायच्या आधीच संपला. आम्ही अकराजणी काठावर उभ्या आणि कागद खाली! त्या दिवशी जे बोलणं खाल्लं, ते घरी जाऊनही सरलं नाही. "बायकांनी कशाला पडायचं असल्या कामात," इथपर्यंत गेलं.

चूक आमची होती आणि ती हिशोबातली होती. हिशोबातली चूक शिकून दुरुस्त करता येते. आम्ही जे शिकलो तेच आज सांगतो.

टोपलीतलं फडकं

आधी घरातलीच एक गोष्ट करून बघा. भाकरीची टोपली घ्या. टोपलीच्या तोंडाएवढंच फडकं कापा आणि आत घाला. बुडाला टेकलं की ते काठाच्या खालीच राहतं. काठावरून बाहेर येऊन भाकरी झाकायची तर फडकं टोपलीच्या तोंडापेक्षा मोठंच लागतं. का? कारण त्याला एका बाजूने खाली उतरायचं आहे, बुडावरून जायचं आहे, दुसऱ्या बाजूने वर चढायचं आहे, आणि शिवाय काठाबाहेर थोडं लोंबायचं आहे.

तळ्याच्या कागदाचं अगदी तसंच. कागद चार ठिकाणी खर्ची पडतो: एक, तळाला. दोन, दोन्ही बाजूंच्या उतारांना. तीन, काठाच्या वरच्या सपाट पट्टीला. चार, काठाबाहेरच्या चरात गाडायला. आम्ही 300 चौरस मीटर म्हटलं, तेव्हा फक्त तोंडाचं क्षेत्रफळ धरलं होतं.

लहान वाफ्यापासून सुरुवात

मोठ्या तळ्याआधी अझोलाचा वाफा घेऊ. शेळ्या-कोंबड्यांना घालायला अनेकींच्या परड्यात तो असतो. समजा वाफा 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद, विटा उभ्या लावून 20 सेंटिमीटर खोल केला आहे. बाजू सरळ उभ्या आहेत, उतार नाही. विटांवरून बाहेर दुमडायला प्रत्येक बाजूला 30 सेंटिमीटर धरू.

लांबी: 2 मीटर तळ, अधिक दोन बाजूंची खोली 20 आणि 20 सेंटिमीटर, अधिक दोन बाजूंची दुमड 30 आणि 30 सेंटिमीटर. झाले 3 मीटर.

रुंदी: 1 मीटर तळ, अधिक तेच 20 आणि 20, अधिक 30 आणि 30. झाले 2 मीटर.

म्हणजे कागद लागला 3 गुणिले 2, असा 6 चौरस मीटर. वाफ्याचं तोंड मात्र 2 चौरस मीटरचंच आहे. तोंडाच्या तिप्पट कागद! वाफा जितका लहान, तितका बाजूंचा आणि दुमडीचा वाटा मोठा, हे लक्षात ठेवा.

सरळ बाजूंच्या खड्ड्याचा नियम एवढाच: लांबी अधिक दोनदा खोली अधिक दोनदा दुमड. रुंदीचंही तसंच. मग दोन्हींचा गुणाकार. गुणाकार शेवटी करायचा. आधी तोंडाचा गुणाकार करून मग त्यात काहीतरी मिळवायला गेलं की गोंधळ होतो.

उतार आला की हिशोब बदलतो

आता शेततळं. शेततळ्याच्या बाजू सरळ उभ्या नसतात. तशा ठेवल्या तर माती ढासळेल. म्हणून बाजू ढाळाने उतरवतात. 1 मीटर खाली जाताना 1 मीटर आत सरकलं, तर त्याला एकास एक उतार म्हणतात. माती भुसभुशीत असेल तर ढाळ आणखी निजता ठेवतात, एकास दीड किंवा एकास दोन.

यातून दोन गोष्टी होतात. पहिली, तळ तोंडापेक्षा लहान होतो. आमच्या तळ्यात 3 मीटर खाली जाताना प्रत्येक बाजू 3 मीटर आत आली. दोन बाजूंच्या मिळून 6 मीटर गेले. म्हणजे तळ 20 वजा 6, असा 14 मीटर लांब, आणि 15 वजा 6, असा 9 मीटर रुंद.

दुसरी, उताराची लांबी खोलीपेक्षा जास्त असते. भिंतीला टेकवलेली शिडी आठवा. भिंत दहा फूट असेल तर शिडी त्याहून लांबच लागते, आणि पाया जितका लांब सरकवाल तितकी आणखी लांब. ही लांबी काढायची युक्ती आम्हाला गटातल्या एकीच्या शाळकरी मुलीने सांगितली. तिच्या पुस्तकात पायथागोरसचं प्रमेय होतं. ते सगळं इथे सांगत नाही. त्यातून निघालेले तीनच आकडे वहीत लिहून ठेवा:

उतार एकास एक असेल, तर खोलीला 1.41 ने गुणा.
उतार एकास दीड असेल, तर खोलीला 1.80 ने गुणा.
उतार एकास दोन असेल, तर खोलीला 2.24 ने गुणा.

आमची खोली 3 मीटर, उतार एकास एक. 3 गुणिले 1.41, म्हणजे उताराची लांबी 4.23 मीटर.

काठ आणि चर

कागद काठावर नुसता सोडला तर वारा त्याला उचलतो आणि पाण्याचं वजन त्याला आत ओढतं. म्हणून काठापासून अर्धा मीटर सोडून सगळ्या बाजूंनी चर खणतात. चर अर्धा मीटर खोल आणि अर्धा मीटर रुंद. कागद त्या चरात उतरवून तळाला पसरतात आणि वर माती दाबून भरतात. म्हणजे एका बाजूला काठावर अर्धा मीटर, चरात उतरायला अर्धा मीटर, चराच्या तळाला अर्धा मीटर, असा दीड मीटर कागद जातो. दोन बाजूंचे मिळून 3 मीटर. लोक हाच हिस्सा सर्वात जास्त विसरतात.

आता सगळं एकत्र मांडू.

लांबी: तळ 14, दोन उतार 8.46, दोन बाजूंचे काठ आणि चर 3. एकूण 25.46 मीटर.

रुंदी: तळ 9, दोन उतार 8.46, काठ आणि चर 3. एकूण 20.46 मीटर.

दोन्हींचा गुणाकार सुमारे 521 चौरस मीटर.

आम्ही मागवला होता 300. म्हणजे 221 चौरस मीटर कमी! कागद काठापर्यंत का पोचला नाही, ते आता कळलं. 20 मीटर कागदातले 14 मीटर तळाला गेले, उरलेले 6 दोन बाजूंना वाटले, प्रत्येकी 3 मीटर. उतार 4.23 मीटरचा. सव्वा मीटर उतार उघडाच राहिला, आणि चरात गाडायला तर वीतभरही नाही.

उलटी चूक

कमी कागद मागवणं ही एक चूक. जास्त मागवणं ही दुसरी. पुढच्या वर्षी शेजारच्या वाडीतल्या गटाने याच मापाचं तळं घेतलं. त्यांना दुकानात हिशोब करून मिळाला तो असा: लांबी 20, अधिक दोनदा खोली 6, अधिक चराचे 3, झाले 29. रुंदी 15 अधिक 6 अधिक 3, झाले 24. गुणाकार 696 चौरस मीटर.

हा नियम ओळखीचा वाटला ना? अझोलाच्या वाफ्याला आपण तोच वापरला. सरळ बाजूंना तो बरोबर आहे. पण इथे बाजू उताराच्या आहेत, तळ लहान झाला आहे. तोंडाची लांबीही धरली आणि वर पूर्ण खोलीही धरली, तर तीच जागा दोनदा मोजली जाते. 521 लागतो तिथे 696 सांगितला गेला.

त्या बायका आमच्याकडे आल्या. आम्ही म्हटलं, लांबी-रुंदी पुढच्या पूर्ण मीटरला न्या, 26 आणि 21. गुणाकार 546. एवढा मागवा, एक इंच जास्त नको. कागदाचा दर वर्षागणिक आणि जाडीगणिक बदलतो, म्हणून हिशोबाच्या सोयीला चौरस मीटरला 100 रुपये धरू. 696 आणि 546 यांत 150 चौरस मीटरचा फरक, म्हणजे 15,000 रुपये. गटातल्या बायकांच्या किती महिन्यांच्या बचतीचे हे पैसे आहेत, ते तुमच्या वहीत बघा. कागद अंथरला, चर भरला, तेव्हा त्यांच्याकडे उरली ती फक्त कडेची हातभर पट्टी.

दोरी खोटं बोलत नाही

आकडेमोड नको वाटते? मग दोरी घ्या. खरं तर आकडेमोड येत असली तरीही दोरी घ्याच. कारण वहीतलं तळं आणि जेसीबीने खणलेलं तळं एकसारखं कधीच नसतं. एका बाजूचा ढाळ जास्त होतो, एखादा कोपरा वीतभर बाहेर जातो, तळ एकीकडे खोल होतो.

सुताची किंवा काथ्याची दोरी घ्या. नायलॉनची ताणली जाते, ती नको. चार जणी लागतील. एकीने दोरीचं टोक बाहेरच्या चराच्या तळाला धरायचं. तिथून दोरी चराबाहेर काढून काठावर, काठावरून उतारावर, तळावरून सरळ, समोरच्या उतारावर, काठावर आणि समोरच्या चरात न्यायची. उतार जिथे तळाला मिळतो, तिथे दोघींनी दोरी पायाने दाबून धरायची. नाहीतर ती झोळीसारखी अधांतरी राहते आणि माप कमी येतं. मग दोरी बाहेर काढून सपाट जागी मीटर टेपने मोजा.

लांबीकडून तीन ठिकाणी मोजा: दोन्ही कडेला आणि मधोमध. रुंदीकडूनही तीन ठिकाणी. प्रत्येकातलं सर्वात मोठं माप धरा. सरासरी काढू नका. जिथे माप मोठं, तिथेच कागद कमी पडणार असतो. ही मोठी मापं पुढच्या पूर्ण मीटरला न्यायची. चुण्या, सुरकुत्या आणि थोडी ढील यांना तेवढं पुरतं.

तळं गोल असेल तर मधोमध जाणारी दोरी आडवी-उभी टाका आणि त्या मापाचा चौकोनी कागद धरा. तळं वेडंवाकडं असेल तर सर्वात लांब आणि सर्वात रुंद जागेचं माप घ्या.

एक नियम मात्र मोडू नका. खोदाई संपून, ढाळ तासून, धुमस करून, चर खणून झाल्यावरच मोजायचं, आणि मोजल्यावरच मागवायचं. नकाशा बघून कागद मागवायचा नाही.

फूट आणि मीटर यांचा घोळ

काही दुकानांत भाव चौरस फुटाने सांगतात. 1 मीटर म्हणजे 3.28 फूट, हे बऱ्याच जणींना पाठ असतं. पण 1 चौरस मीटर म्हणजे 3.28 चौरस फूट नव्हे. लांबीलाही 3.28 आणि रुंदीलाही 3.28, म्हणून 1 चौरस मीटर म्हणजे 10.76 चौरस फूट. आपले 521 चौरस मीटर म्हणजे सुमारे 5,606 चौरस फूट. चुकून 3.28 ने गुणलं तर 1,709 येतात, आणि एकतृतीयांशापेक्षाही कमी कागद घरी येतो. दोन दुकानांचे भाव ताडून बघतानाही आधी दोन्ही भाव एकाच मापात आणा, मगच स्वस्त-महाग ठरवा.

जाडी कशी तपासायची

कागदाची जाडी मायक्रॉनमध्ये सांगतात. 1,000 मायक्रॉन म्हणजे 1 मिलिमीटर. शेततळ्याला सहसा 500 मायक्रॉनचा कागद वापरतात, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड. डोळ्यांनी 500 आणि 300 मधला फरक सांगणं अवघड, पण तराजू सांगतो.

एकसंध काळ्या एचडीपीई कागदाचा 500 मायक्रॉनचा 1 चौरस मीटर तुकडा साधारण 470 ग्रॅम भरतो. दुकानात नमुना मागा. 30 सेंटिमीटर लांब, 30 सेंटिमीटर रुंद तुकडा नीट कापून बारीक काट्यावर ठेवा. तो 42 ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. 25 ग्रॅम भरला, तर तो 300 मायक्रॉनचा आहे. सगळ्या कागदाचंही वजन ताडता येतं. 546 चौरस मीटर कागद सुमारे 257 किलो भरायला हवा. गाडी वजनकाट्यावरून नेण्याचा खर्च थोडा आहे, मनाची शांती मोठी आहे.

बाजारात विणलेल्या पट्ट्यांवर थर दिलेला कागदही मिळतो. त्याचं वजन वेगळं असतं, त्याला वरचे आकडे लावू नका. त्या प्रकारासाठी आयएस 15351 हे भारतीय मानक आहे. तो क्रमांक कागदावर आणि बिलावर आहे का, ते बघून घ्या.

बिलावर या गोष्टी लिहून घ्या: कागदाची लांबी आणि रुंदी वेगवेगळी, एकूण चौरस मीटर, मायक्रॉन, कागदाचा प्रकार आणि हमीची वर्षं. शिवाय एक प्रश्न विचारायचा: हे माप सांधे धरून आहे का? कागद पट्ट्या जोडून बनतो. सांध्यात पट्ट्या एकावर एक येतात, तेवढी रुंदी कमी होते. आपल्याला हवं ते जोडून झाल्यावरचं माप.

सांधा जितका कमी, तितकी झोप जास्त

आता आमच्या पहिल्या तळ्याचं पुढे काय झालं, ते सांगतो. कमी पडलेला कागद पुन्हा मागवला. चारी बाजूंनी पट्ट्या लावून मशीनने चिकटवल्या. गाडीचं भाडं दुसऱ्यांदा, मशीनवाल्याची मजुरी दुसऱ्यांदा. जो कागद एकसंध येऊ शकत होता, त्याला चहूबाजूंनी मिळून 70 मीटरचा सांधा आला, तोही उतारावर, धुळीत केलेला.

पावसाळ्यात तळं भरलं. काठापासून अर्धा मीटर मोकळा सोडून पाणी अडीच मीटर खोल होतं, साधारण 4 लाख 80 हजार लिटर. दिवाळीनंतर पाणी भराभर उतरू लागलं. पंप चालू नव्हता तरी उतरत होतं. आणि एका ठिकाणी येऊन ते मंदावलं. मोजलं, तर तळापासून 2.1 मीटरवर. बरोबर तिथेच आमचा सांधा होता! पाणी गळतीच्या जागेपर्यंत उतरतं आणि तिथे थांबतं. खाली राहते ती फक्त उन्हाची वाफ. त्या एका कोपऱ्यातल्या फाटेतून आमचं जवळजवळ 96 हजार लिटर पाणी गेलं. उन्हाळी भाजीचे वाफे आम्ही निम्मे सोडून दिले.

तुम्हाला असा संशय आला तर बादलीची परीक्षा करा. पंप बंद ठेवा, पाऊस नसलेले चार दिवस निवडा. काठावर मोकळ्या उन्हात बादली भरून ठेवा, आतल्या पाण्याला खूण करा. तळ्यात पाण्याच्या रेषेवर कागदाला खडूने खूण करा. चार दिवसांनी दोन्ही मोजा. उतारावर मोजलेलं अंतर 1.41 ने भागा, म्हणजे सरळ उतरलेलं पाणी कळेल. उतारावर 14 सेंटिमीटर दिसले तर पाणी सुमारे 10 सेंटिमीटर उतरलं. कडक उन्हाळ्यात आपल्याकडे रोज आठ-दहा मिलिमीटर पाण्याची वाफ होते, आमच्या तळ्याचं रोज दोन-अडीच हजार लिटर. म्हणून पाणी उतरलं की गळतीच आहे असं नाही. काठावरची बादली तापते, तिच्यातलं पाणी उलट जास्तच उडतं. तरीही तळं बादलीपेक्षा जास्त उतरलं, तर गळती आहे असं समजा.

अंथरताना

टोकदार दगड, मुळ्या, तुटक्या काचा हाताने वेचा. हे काम बायकाच नीट करतात, आणि त्याची मजुरीही हिशोबात धरा. खडकाळ जागी चाळलेल्या मातीचा थर द्या. उंदीर-घुशी आणि खेकड्यांची बिळं असतील तर ती आधी बुजवा.

कागद सकाळी गारव्यात अंथरा, पण ताणून बसवू नका. उन्हाने प्लास्टिक पसरतं, थंडीने आखडतं. 25 मीटरचा कागद दुपारच्या आणि पहाटेच्या फरकाने आठ-दहा सेंटिमीटर कमी-जास्त होतो. ताणून बसवला तर थंडीत तो सांध्याला ओढ देतो. कोपऱ्यात चुण्या पडणारच, लुगड्याच्या निऱ्यांसारख्या त्या एका बाजूला नीट घाला. त्या कापून टाकू नका. अंथरून होताच तळात थोडं पाणी सोडा, म्हणजे वाऱ्याने कागद उचलत नाही. आणि कागदावर चपला घालून, कुदळ-फावडं घेऊन कुणालाही उतरू देऊ नका.

शेवटचं माप: दोरीचं आणि कुंपणाचं

मैत्रिणींनो, कागद टाकलेलं तळं मातीच्या तळ्यासारखं नसतं. ओला कागद शेवाळ्याने इतका निसरडा होतो की पोहता येणारा माणूससुद्धा उतारावरून वर येऊ शकत नाही. पाणी घ्यायला वाकलेली बाई, शेळीमागे धावलेलं पोर घसरलं की धरायला काहीच नसतं. अशी दुःखं आपल्या आसपासच्या गावांत घडली आहेत. म्हणून कागदाचा हिशोब करतानाच त्याच वहीत हाही हिशोब करा.

चारी बाजूंनी एकेक गाठी मारलेली जाड दोरी, वरच्या टोकाला पक्क्या खुंटाला बांधलेली आणि खाली तळापर्यंत पोचणारी. उतार 4.23 मीटर, काठ-चर ओलांडून खुंटापर्यंत दोनेक मीटर, गाठींना एक मीटर. म्हणजे प्रत्येकी सात-साडेसात मीटर, चार दोऱ्यांना 30 मीटर धरा. काठावर हवा भरलेली जुनी ट्यूब दोरीला बांधून ठेवा. तळ्याच्या कडेपासून 2 मीटर सोडून कुंपण घाला. आमच्या मापाच्या तळ्याला 24 आणि 19 मीटरच्या बाजू येतात, म्हणजे 86 मीटर कुंपण आणि एक कडीचं फाटक. पैसे अपुरे पडले तर भाजीचे वाफे पुढच्या वर्षी वाढवा, पण कुंपण पुढच्या वर्षावर टाकू नका.

शेततळ्याच्या आणि अस्तरीकरणाच्या अनुदानाचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. अनुदान किती आणि अटी कोणत्या, हे वेळोवेळी बदलतं, म्हणून खोदाईला हात लावण्याआधीच गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा.

तर आजचा धडा थोडक्यात. खोदून झाल्यावर मोजा. दोरी चरापासून चरापर्यंत टाका. तीन ठिकाणचं सर्वात मोठं माप धरा. पुढच्या पूर्ण मीटरला न्या. गुणाकार शेवटी करा. नमुना तराजूवर टाका. दोऱ्या आणि कुंपण त्याच हिशोबात धरा.

गटाच्या पुढच्या बैठकीला भाकरीची टोपली आणि फडकं घेऊन बसा आणि एकमेकींना हा हिशोब समजावून सांगा. जिला समजलं, तिने समजलं नाही तिला सांगायचं. पहिल्या तळ्याच्या काठावर आम्ही मान खाली घालून उभ्या होतो. आता आसपास कुणाच्या तळ्यात कागद टाकायचा असला की गडी माणसंही निरोप धाडतात, "गटातल्या बायांना बोलवा, दोरी घेऊन." आम्ही जातो. तुम्हीही जाल.